पल्सरचं वॉबलिंग, न बदललेला कोन सेट आणि गेलेले ८७०० रुपये

जुनी गाडी हायवेला चालवणाऱ्यांनी हे वाचाच. माझे पैसे तर गेलेच, पण जीवावर पण बेतलं होतं.

माझी २००७ ची पल्सर १५०, अमळनेरहून पारोळ्यावरून धुळ्याला रोजचं जाणं-येणं. दिवाळीनंतर मुकटीच्या अलीकडे काटा ८० च्या वर गेला की गाडी डोलायला लागली. नुसतं हँडल थरथरत नव्हतं, अख्खी गाडी मागून झुलायची आणि मिसेस मागे असली की जास्तच. एकदा बाजूने ट्रक गेला आणि गाडी हातभर सरकली, तिने माझा शर्ट असा मुठीत धरला की खांद्याची शिवण उसवली, मी घाबरून जोरात ब्रेक दाबला तर गाडी अजूनच झोलायला लागली. असं झालं तर हँडल आवळून धरू नका, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि एक्सलेटर हळूहळू सोडा, हे मला नंतर कळलं.

धुळ्यातल्या एका गॅरेजला दाखवली, नाव लिहीत नाही. त्याने चालवून पण बघितली नाही, हँडल दोनदा हलवलं आणि म्हणे कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या आणि गोळ्या) गेलाय. २२०० घेतले. चार दिवसांनी परत तेच. मग म्हणे टी (हँडलखाली शॉकअपचे दोन्ही पाईप धरते ती) वाकडी आहे आणि शॉकअपचे पाईप पण, ४१०० गेले. मग मागचा टायर चपटा झालाय म्हणून "नवीन" टायर २४०० चा. दर वेळी गाडी संध्याकाळी मिळायची, जुना पार्ट मागितला की म्हणे भंगारवाला घेऊन गेला, आणि बिल म्हणजे वहीच्या पानावर नुसता आकडा. शेवटी म्हणाला चेसिस बेंड आहे भाऊ, १२ हजार खर्च येईल, त्यापेक्षा १५ हजारात मीच घेतो. तिथे माझ्या डोक्यात पाल चुकचुकली.

पारोळ्याला एक म्हातारे मिस्तरी आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी विचारलं, किती स्पीडला, डबल सीट का सिंगल, हँडल फडफडतं का गाडी झुलते. मग डबल स्टँडवर लावली, एका हाताने फ्रेम धरली आणि दुसऱ्या हाताने चिमटा (मागचं चाक ज्यात बसतं तो दांडा) आडवा ओढला. टक. परत ओढला, परत टक. म्हणे, "भो, हाई पुढथीन नही, मांगथीन हाली राहिनी." चिमट्याचे बुश (तो फ्रेमला जोडतात तिथल्या नळ्या) खाऊन अंडाकृती झालेले, आणि चेन ॲडजस्टरच्या खुणा डावीकडे-उजवीकडे दीड रेघेने वेगळ्या, म्हणजे मागचं चाक पण तिरकं बसवलेलं.

पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं तर बरोबर मधोमध कट्ट करून अडकायचं. कोन सेट उघडला तर वरून पिवळं नवीन ग्रीस आणि खाली जुन्याच वाट्या, गोळ्यांनी पाडलेले खड्डे नखाला लागत होते! काहीच बदललेलं नव्हतं, नुसतं ग्रीस भरून जास्त आवळलं होतं. आणि टी? ती पण जुनीच, माझ्या किचेनने पडलेले ओरखडे चावीजवळ जसेच्या तसे, हे मी स्वतः रोज बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटतं. टायरवर शेवटचे चार आकडे २३१३, म्हणजे २०१३ सालच्या २३ व्या आठवड्यातला. टायरवरचे रबराचे बारीक केस काळे चमकदार दिसत होते, पण रबर नखाने दबत नव्हतं.

परत त्या गॅरेजला गेलो तर म्हणे खड्ड्यात आपटली असेल तुम्ही. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, तक्रार करता येते, पण पक्कं बिल नाही, जुने पार्ट नाहीत, मी दाखवू काय? म्हणून सांगतो, गाडी टाकतानाच "जुना पार्ट माझ्या हातात द्या" म्हणा, शक्य असेल तर समोर उभं राहून काम करून घ्या, आणि मागचा चिमटा हलवून बघितल्याशिवाय हँडलकडच्या कामाला पैसे देऊ नका. हे बघायला पाना पण लागत नाही.

मिस्तरींनी बुश टाकले, खरा कोन सेट टाकला, चाक सरळ केलं, सगळे मिळून १४५० घेतले आणि जुन्या वाट्या कागदात बांधून दिल्या. झुलणं बंद झालं. टायर मात्र अजून तोच आहे, पुढच्या पगाराला बदलणार, तोपर्यंत ६० च्या वर नेत नाही.