प्रेसमधला घरगुती एलईडी बोर्ड: आठ महिन्यांनंतर

आमच्या सांगलीच्या प्रेसमध्ये वर डीटीपी आणि खाली मिनी ऑफसेट. मशीन सुरू असलं की खालचा माणूस हाकेला ओ देत नाही, आणि शाईच्या हातांनी फोन कोण उचलणार? म्हणून गेल्या दिवाळीनंतर, पत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आत, मशीनसमोरच्या भिंतीवर मी एक बोर्ड बसवला. वरच्या कॉम्प्युटरवर पुढचा जॉब टाकायचा, तो खाली दिसला पाहिजे, एवढंच काम. आठ महिने रोज वापरते आहे.

सामान साधं आहे. दोन लाल पी१० पॅनल (मेडिकलच्या दुकानांवर पळत्या अक्षरांची पाटी असते, त्यातली), एक नोडएमसीयू, म्हणजे वायफायवाली ईएसपी८२६६ चिप असलेला छोटा बोर्ड, आणि ५ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). खर्च दोन हजारांच्या आसपास, आणि त्यातही सुताराने केलेल्या पेटीचेच जास्त. ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतं, त्यामुळे राउटरवर तो बँड चालू ठेवावा लागतो.

इंग्रजी अक्षरं पहिल्याच संध्याकाळी पळायला लागली. मराठी टाकलं आणि घोडं पेंड खायला लागलं. पी१०साठी मी घेतलेल्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) देवनागरी फॉन्टच नव्हता. असता तरी जोडाक्षरं जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणणं हे त्या चिपला कोण शिकवत बसणार? मग उलटं केलं. अक्षरं कॉम्प्युटरवरच काढायची आणि बोर्डाला नुसतं चित्र पाठवायचं. पायथनमध्ये पिलो ही चित्रं काढायची लायब्ररी वापरून ६४ बाय १६चं काळं-पांढरं चित्र बनतं. १०२४ बिंदू, एका बाइटमध्ये ८, म्हणजे अवघे १२८ बाइट. यूडीपी म्हणजे नेटवर्कवरून माहितीची पॅकेटं पाठवायची साधी पद्धत. तिच्या एका पॅकेटात अशी दहा-अकरा चित्रं सहज मावतात, त्यामुळे तुकडे पाडायची भानगडच नाही.

पिलोसुद्धा आपण होऊन मराठी नीट काढत नाही. त्याला अक्षरं जुळवणारं राक्म हे लेआउट इंजिन लागतं, आणि विंडोजवर त्यासाठी फ्रिबिडी या जोड-लायब्ररीची फाइल वेगळी आणून ठेवावी लागली. तोवर 'पत्रिका'ची वेलांटी 'र'च्या पुढे जाऊन बसत होती. ते जमल्यावर उंचीचा प्रश्न आला. १६ ओळींतल्या वरच्या चार मात्रा-वेलांट्यांना, एक शिरोरेषेला, खालच्या तीन उकारांना. अक्षराच्या पोटाला उरतात आठ. आठ बिंदूंत 'क' ठीक दिसतो, 'ष्ट' म्हणजे मात्र नुसता ठिपका. शेवटी नेहमीचे पंचवीस-तीस शब्द (पत्रिका, हँडबिल, पावती पुस्तक, नंबरिंग, कटिंग) मी बिंदू बिंदू भरून हाताने काढले. डीटीपीवाल्यांना हे काम नवं नाही, पण एका 'पुस्तक'मधल्या 'स्त'ने माझी आख्खी दुपार खाल्ली.

आणखी एक अडचण आमच्या धंद्यातलीच. जॉबचं रजिस्टर जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. तिथून मजकूर उचलून पाठवला की बोर्डावर अगम्य चिन्हं. आता बोर्डाचा मजकूर वेगळा टाइप करते. सोय म्हणता येणार नाही, पण दिवसातून दहा-बारा ओळींचाच मामला आहे.

पहिल्या महिन्यात बोर्ड मधूनच लुकलुकायचा. वायफायवर बरेच दिवस संशय घेतला, कारण दुसरंच निघालं. पॅनलच्या तोंडाशी ७४एचसी२४५ चिप असते. ५ व्होल्टवर ती साधारण साडेतीन व्होल्टला 'एक' (म्हणजे 'चालू'चा इशारा) धरते, आणि ईएसपी देतं ३.३. बहुतेक वेळा चालून जातं, वायर लांब झाली की नाही. मध्ये ७४एचसीटी२४५ टाकली, ती दोन व्होल्टलाच 'एक' मानते. लुकलुक बंद. चिपची किंमत वडापावाएवढी.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीत दुपारी लाइट गेली. बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर, माझा कॉम्प्युटर यूपीएसवर, राउटर मात्र साध्या प्लगवर. लाइट आल्यावर राउटर चालू झाला, बोर्ड त्याला पुन्हा जोडला गेला, पण नव्या आयपी पत्त्याने (राउटर प्रत्येक यंत्राला देतो तो क्रमांक). जुन्या पत्त्यावर कुणाचा तरी मोबाइल बसला होता. मी पुढचा जॉब पाठवला, प्रोग्रामने 'पाठवलं' म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याला पोचपावती मिळत नाही. खाली बोर्डावर जुनंच: 'पत्रिका', '५०० प्रती'. मशीन चालवणाऱ्या मामांचे पाचशे छापून झाले होते, वर पाहिलं तर तोच जॉब. त्यांना वाटलं, पार्टीने वाढवून मागितल्या. आणखी पाचशे काढल्या.

"ताई, बोर्ड बंद असता तर मी वर येऊन विचारलं असतं," मामा एवढंच म्हणाले. वडील त्याहून बरंच बोलले.

त्या रात्री प्रोग्राम पुन्हा लिहिला. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक असतो आणि बोर्डाने तोच आकडा परत पाठवायचा. तीन वेळा उत्तर आलं नाही तर माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. जॉब बदलला नसला तरी दर १० सेकंदांनी चित्र पुन्हा जातं, आणि ३० सेकंद काहीच आलं नाही तर बोर्ड स्वतःला पुसून कोऱ्यावर नुसती एक आडवी रेघ दाखवतो. उजव्या कोपऱ्यात एक बिंदू प्रत्येक पॅकेटला मिचकतो. राउटरमध्ये बोर्डाच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या कायमच्या ओळखक्रमांकाला) एकच आयपी बांधून दिला, तो पहिल्या दिवशीच द्यायला हवा होता. सुरुवातीला बोर्डाचं उत्तर विंडोजची फायरवॉल अडवत होती, कारण मी ते भलत्याच पोर्टवर (कॉम्प्युटरच्या भलत्याच दारावर) पाठवत होते. पॅकेट ज्या पोर्टवरून आलं त्याच पोर्टला उत्तर दिलं की ती सोडते.

एमक्यूटीटी (मधल्या ब्रोकर प्रोग्राममार्फत निरोप पोचवायची पद्धत) का नाही, असं भाचा विचारतो. त्याचा मॉस्किटो नावाचा ब्रोकर बसवून आठवडाभर वापरून पाहिलं. शेवटचा संदेश धरून ठेवायची सोय छान आहे, बोर्ड बंद पडून चालू झाला की जॉब लगेच मिळतो. पण माझा नडलेला प्रश्न नेमका धरून ठेवलेल्या जुन्या जॉबचाच होता. शिवाय एक बोर्ड, एक कॉम्प्युटर, मध्ये ब्रोकर कशाला सांभाळू? कटिंग आणि बाइंडिंगला बोर्ड लागले तर तिकडे वळेन.

सध्याच्या तक्रारी दोनच. कागदाची धूळ पॅनलच्या बिंदूंत बसते, पंधरवड्याला ब्रश मारावा लागतो. आणि डाव्या कडेचा एक उभा स्तंभ मे महिन्यापासून मंद झालाय, म्हणून मजकूर दोन बिंदू उजवीकडे सरकवून चालवते.

मामांना खालून वर निरोप द्यायला बटण हवंय. ते अजून केलेलं नाही. तोवर त्यांनी स्वतःच मार्ग काढलाय: कागद संपत आला की बोर्डाचं बटण बंद करतात. अर्ध्या मिनिटात माझ्याकडे लाल पट्टी येते, आणि मी जिन्यातून वाकून विचारते, "मामा, किती रिम?"