नोंदी एकेक दाखवायच्या की यादीत? अ‍ॅक्सेसमधला फॉर्म निवडताना

वाचनालयाची सभासद-नोंदवही मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस-प्रोग्रॅममध्ये आणायची असेल तर टेबलं एका दुपारी तयार होतात. खरा वेळ खातो तो फॉर्म, म्हणजे नोंदी पाहायचा आणि भरायचा पडदा. त्याच्या ‘डिफॉल्ट व्ह्यू’मध्ये मुख्य पर्याय चार: सिंगल फॉर्म, कंटिन्युअस फॉर्म्स, डेटाशीट आणि स्प्लिट फॉर्म. कुठला छान दिसतो यावरून निवड करू नका. काउंटरवरचं माणूस त्या फॉर्मवर नोंद शोधणार आहे की बदलणार आहे, हे आधी ठरवा.

सिंगल फॉर्ममध्ये पडद्यावर एका वेळी एकच सभासद असतो. नाव, पत्ता, अनामत, वर्गणी, फोटो सगळं ऐसपैस मांडता येतं आणि खाली सबफॉर्ममध्ये, म्हणजे फॉर्मच्या आतल्या छोट्या फॉर्ममध्ये, त्याच्याकडे गेलेली पुस्तकंही दाखवता येतात. नवीन सभासद भरायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पण सगळ्यात महागात पडलेली चूक मी याच फॉर्मवर पाहिली आहे. काउंटरवरच्या ताईंनी एका सभासदाच्या ‘शेरा’ या शेवटच्या रकान्यात मजकूर लिहिला आणि सवयीने टॅब दाबला. फॉर्म पुढच्या सभासदावर गेला. रकाने त्याच जागी, रंग तोच, त्यामुळे नोंद बदलल्याचं नजरेला जाणवलंच नाही. कर्सर नावाच्या रकान्यात आला होता आणि तिथलं अख्खं नाव निवडलं गेलं होतं. ताईंना आठवलं की शेरा लिहिलेल्या बाईंचं लग्नानंतरचं नाव घालायचं राहिलंय. त्यांनी ते टाइप केलं आणि पुढे गेल्या. एकाच बाईंची जुनं आणि नवं अशी दोन नावं दोन सभासद क्रमांकांवर झाली. आठवड्याने अनामत परत देताना ते लक्षात आलं. दुसऱ्या सभासदाचं मूळ नाव जुन्या पावतीपुस्तकातून शोधावं लागलं.

चूक ताईंची नव्हती, फॉर्म बनवणाऱ्या माझी होती. एका नोंदीवरून दुसरीवर जाताना अ‍ॅक्सेस काही न विचारता बदल साठवतं. शिवाय फॉर्मची ‘सायकल’ मुळात ‘ऑल रेकॉर्ड्स’वर असते, म्हणून शेवटच्या रकान्यातला टॅब थेट पुढच्या नोंदीत नेतो. ती ‘करंट रेकॉर्ड’ केली की टॅब त्याच सभासदाच्या पहिल्या रकान्याकडे परततो. सिंगल फॉर्म घेणार असाल तर हा बदल पहिल्याच दिवशी करा. २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत माउसचं चाक फिरवलं तरी नोंद बदलायची. २००७ पासून सिंगल फॉर्मवर तसं होत नाही. पेज-डाउनने मात्र अजूनही बदलते.

कंटिन्युअस फॉर्ममध्ये प्रत्येक सभासद एका ओळीत येतो. पडद्यावर पंधरा-वीस ओळी मावतात, चाक फिरवलं की यादी सरकते आणि वरचा हेडर जागेवर राहतो. शोधाचा रकाना त्या हेडरमध्येच ठेवावा. ‘देशपांडे’ टाइप केल्यावर सगळे देशपांडे एकाखाली एक आले, की पत्ता पाहून नेमका माणूस दोन सेकंदांत सापडतो. सिंगल फॉर्मवर हेच करायला एकेक नोंद पुढे ढकलत बसावं लागतं. मर्यादाही आहेत. ओळींच्या मधे सबफॉर्म बसत नाही. टेबलाशी न जोडलेल्या रकान्यात काही लिहिलं तर तेच सगळ्या ओळींत दिसतं. थकबाकीदाराची एकच ओळ लाल हवी असेल तर कोड लिहून भागत नाही, अटीनुसार रंग बदलणारं ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’च लागतं.

डेटाशीट म्हणजे एक्सेलसारखी चौकट. तुम्हाला स्वतःला चाळणी लावून माहिती तपासायची असेल तर उत्तम. काउंटरवर ती देऊ नका, कारण तिच्यात बटणं दिसत नाहीत आणि चुकून दाबलेली कळही खालच्या ओळीवर गेल्याबरोबर साठवली जाते.

स्प्लिट फॉर्म २००७ मध्ये आला. एका भागात डेटाशीट, दुसऱ्यात निवडलेल्या ओळीचा पूर्ण तपशील, आणि दोन्ही एकमेकांबरोबर चालतात. मोठा मॉनिटर आणि एकच जाणकार वापरणारा असेल तर मला तो आवडतो. छोट्या लॅपटॉपवर दोन्ही भाग आखडतात. डेटाशीटचा भाग बदलांसाठी बंद ठेवता येतो, तेवढं मात्र नक्की करा.

अ‍ॅक्सेसऐवजी लिबरऑफिस बेस हा मोफत डेटाबेस-प्रोग्रॅम वापरत असाल तर तिथे कंटिन्युअस फॉर्म नाही. यादीसाठी टेबल कंट्रोल या डेटाशीटसारख्या चौकटीवर काम चालवावं लागतं.

काउंटरसाठी माझी निवड पक्की आहे: शोधायला कंटिन्युअस फॉर्म, त्यात माहितीचे रकाने ‘लॉक्ड’ (पूर्ण फॉर्मचं ‘अलाऊ एडिट्स’ बंद केलं तर हेडरमधला शोधाचा रकानाही चालत नाही), आणि ओळीवर डबल-क्लिक केलं की त्याच सभासदाचा सिंगल फॉर्म उघडायचा. तो फॉर्म एकाच नोंदीपुरता गाळलेला असल्यामुळे शेजारच्या सभासदावर घसरायला वावच उरत नाही. काम जरा वाढतं ते परत येताना. यादी ताजी करायला ‘रीक्वेरी’ चालवली की ती पहिल्या ओळीवर जाते आणि ताईंना पुन्हा खाली सरकत यावं लागतं. म्हणून आधी सभासद क्रमांक बाजूला ठेवा, रीक्वेरीनंतर कोडमधून ‘रेकॉर्डसेटक्लोन’मध्ये (फॉर्ममागच्या नोंदींची प्रत) ‘फाइंडफर्स्ट’ने तो शोधा आणि फॉर्मचा ‘बुकमार्क’ (चालू नोंदीची खूण) त्यावर लावा. मग ताई जिथून गेल्या त्याच ओळीवर परत येतात.