टीडीएस पेन: बादलीपेक्षा ताटलीत जास्त कामाचं

ऑनलाइन तीनशे-साडेतीनशेला मिळणारं, खिशात मावणारं टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा खोक्यावर जे छापलेलं नाही त्याचा कापला, एक अख्खा तारा पेनाला जे कळतच नाही त्याचा.

आमच्याकडे वाकडला बोअर आणि टँकर. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून मी बाल्कनीतल्या कुंड्यांना घालते. बोअरचं पाणी पेनावर ७८० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग क्षार) दाखवतं, बादलीतलं ११५०. पण यावरून झाडांचं काय समजायचं? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे ठोकताळे विद्युतवाहकतेत, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यात, आहेत: ०.७ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत बिनधास्त घाला, ३ च्या वर गेलं की अवघड. पेनही मुळात वाहकताच मोजतं आणि तिला ०.५ किंवा ०.७ ने गुणून पीपीएमचा आकडा देतं. नेमकं कितीने, ते खोक्यावर कुठेच नाही! शेवटी १४१३ मायक्रोसायमनचं प्रमाण द्रावण, म्हणजे वाहकता आधीच पक्की ठाऊक असलेलं पाणी, वेगळं मागवलं. त्यात पेन बुडवल्यावर ७०६ आलं, म्हणजे गुणक ०.५. त्या हिशोबाने माझी ११५० ची बादली २३०० मायक्रोसायमनवर, म्हणजे २.३ डेसीसायमनवर.

पण खरी मजा कुंडीखालच्या ताटलीत आहे. पाणी घातल्यावर निथरून जे खाली येतं, त्यात टोक बुडवून बघा. पुदिन्याच्या ताटलीत २६०० आलं. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत होत्या, शेजारच्या काकू कीड म्हणत होत्या. झाड पाणी पितं, क्षार मातीत ठेवून देतं. ते साचत जातात. आता पुदिन्याला बोअरचंच पाणी, तेही खालून थोडं वाहून जाईल इतकं, आणि ताटली लगेच मोरीत रिकामी. पावसाळ्यात कुंड्या गच्चीवर नेल्या की मातीतले क्षार धुऊन काढण्याचं काम फुकटात होतं.

रोझमेरी आणि गवती चहा मात्र ११५० वरही ढिम्म. तुळशीची पानं बारकी झाली, पण चुरगळली की वास आधीपेक्षा उग्र. क्षारांचा ताण बेताचा असेल तर काही सुगंधी झाडांच्या पानात तेलाचं प्रमाण वाढतं. पानंच कमी येतात, त्यामुळे एकूण तेल वाढेलच असं नाही. काढ्याला चार पानं हवीत, मला चालतंय.

आता तो कापलेला तारा. सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी पेनावर ९०० दाखवतं, आरओच्या बादलीपेक्षा कमी. म्हणून ते पुदिन्या-कोथिंबिरीला घालाल तर चटणीत काय जाईल ते पेन सांगणार नाही. जंतू त्याला दिसत नाहीत. साबणातलं सोडियम आणि बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याच्या लेखी सारखंच, मातीच्या लेखी नाही. एसटीपीचं पाणी मी फक्त खालच्या बागेतल्या वाळ्याला घालू देते.

घेतलंत तर प्रमाण द्रावण सोबतच मागवा. आणि खडकवासल्याचं नळाचं पाणी पुरेसं येत असेल, तर त्या पैशांत दोन चांगल्या कुंड्या येतील.