तीन नंबरची नळी

जुन्या बीएसए एअर रायफलीबद्दल कुणी सांगितलं, "ही तीन नंबरची आहे, पॉइंट टू फाइव्हची," आणि नळीत ग्रीस भरलेलं दिसलं, तर ते पुसून आत बघितल्याशिवाय पैसे काढू नका. मी काढले. १,८०० पौंड गेले.

बीएसए म्हटलं की आपल्याकडे सायकल डोळ्यांपुढे येते. माझ्याही आली होती. नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आल्यावर कळलं की हे नाव म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदुका बनवायला निघालेली कंपनी. लिंकन जेफ्रीज हा इथलाच बंदूकवाला. त्याने १९०४ साली एका एअर रायफलीचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी बीएसएने ती बनवायला घेतली. आपल्या जत्रेत फुगे फोडायला ठेवलेली छऱ्याची बंदूक नळी मोडून भरतात. जेफ्रीजची नळी जागची हलत नाही. स्प्रिंग ताणायला नळीखाली एक दांडा असतो आणि छर्रा घालायला फिरणारा टॅप, म्हणजे आरपार भोक असलेली खुंटी. शंभर वर्षांनंतरही तो टॅप फिरवताना हाताला जो घट्टपणा लागतो, त्यासाठी मी जुन्या एअरगन जमवण्याच्या या छंदात पडलो.

या रायफलींवर नळीच्या भोकाच्या मापाचा आकडा ठोकलेला असे, मापं इंचात. एक म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, दोन म्हणजे पॉइंट टू टू, तीन म्हणजे पॉइंट टू फाइव्ह. पहिल्या महायुद्धाआधीच्या बीएसएच्या 'इम्प्रूव्हड मॉडेल डी' या रायफलीत तीन नंबर फार क्वचित सापडतो, त्यामुळे त्याची किंमत एकदम वर जाते. म्हणजे सगळा भाव एका आकड्यावर. फसवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

ज्याच्याकडून मी ही रायफल घेतली, त्या माणसाने मला आधी दोन वस्तू विकल्या होत्या. एक वेब्ली या इंग्लिश कंपनीचं एअर पिस्तूल आणि एक युद्धापूर्वीची जर्मन डायना. डायनाच्या शिक्क्यातली देवी धनुष्य टाकून देऊन हातात एअरगन उंचावते, तो शिक्का सुद्धा स्वच्छ उमटलेला. दोन्ही वस्तू अस्सल, भावही वाजवी. या दोन व्यवहारांत त्याने माझा विश्वास कमावला आणि तिसऱ्यात तो वसूल केला.

इंग्लंडमध्ये एअरगनचा धंदा करणाऱ्याला शस्त्रविक्रेता म्हणून नोंदणी करावी लागते आणि वस्तू समोरासमोर द्यावी लागते. हा म्हणायचा, मी धंदेवाला नाही, घरातला संग्रह थोडा कमी करतोय. पण दर भेटीत त्याच्या टेबलावर नवा माल असायचा. तेव्हाच मी उठायला हवं होतं.

रायफल मात्र देखणी होती. लाकूड जुनं, सिलिंडरवरची अक्षरं झिजून मऊ झालेली, टॅपजवळ ठळक तीन. नळीत घट्ट ग्रीस. "गंज लागू नये म्हणून भरलंय, घरी जाऊन सावकाश काढा," तो म्हणाला. पावतीवर त्याने लिहिलं, 'जुनी एअर रायफल, पाहून घेतली.' बायको शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "अहो, कुठलं मॉडेल, किती नंबर, ते नीट लिहून घ्या ना." एवढ्या ओळखीच्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून मी गप्प राहिलो.

महिन्याभराने या छंदात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी पांढऱ्या फडक्यावर तेल घेऊन आकड्याजवळ चोळलं. फडकं काळं झालं. मुरलेला जुना रंग असा निघत नाही, बाटलीतलं रसायन लावून केलेला काळेपणा निघतो. मग टॉर्च आडवा धरला. तिनाच्या कडांना धातूचे बारीक ओठ उठलेले होते आणि भोवतीचा भाग किंचित खोलगट होता. बाकीची अक्षरं झिजलेली, हा एकटा धारदार. जुना आकडा घासून त्या जागी नवा ठोकला होता.

शेवटी ग्रीस काढून शिशाचा एक छर्रा गजाने नळीतून ढकलला. नळीत आतून पीळ असतात, त्यांचे ओरखडे शिशावर उमटायला हवेत. छर्रा अगदी गुळगुळीत बाहेर आला. टॅपचं भोकही नळीच्या मध्याशी जुळत नव्हतं. कुणीतरी दोन नंबरची नळी कोरून मोठी केली होती.

फोनवर तो माणूस शांतपणे म्हणाला, "मी जुनी एअर रायफल विकली, तुम्ही जुनी एअर रायफल घेतलीत." वस्तू वर्णनाप्रमाणे असावी असं इथला ग्राहक कायदा सांगतो. पण तो धंदेवाला असेल तर. खासगी विक्रेत्याने खोटं वर्णन केलं तरी दाद मागता येते, पण वर्णन काय केलं होतं हे दाखवायला माझ्याकडे काय होतं? ती पावती. पैसे रोख दिले होते. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा इथे छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय चालवता येतो, पण मला सल्ला मिळाला तो पुरावा नसल्याने नाद सोडण्याचाच.

पैशाचं दुःख हळूहळू कमी झालं. त्या मूळ दोन नंबरच्या रायफलीचं दुःख मात्र काही कमी झालं नाही. ती रायफल मुळात चांगली होती, कुणा कारागिराने पहिल्या महायुद्धाआधी बनवलेली, दोन महायुद्धं पाहून इथवर आलेली. तिला तिच्या नावाने विकलं असतं तर मी आनंदाने घेतली असती, आणि तिने अजून नीट नेम साधला असता. आता तिच्यातून काहीच उडणार नाही.

मी ती विकलेली नाही. बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या टोकाची पट्टी, काढून आतल्या लाकडात एक पितळी पट्टी बसवली आहे. तिच्यावर कोरून घेतलंय: 'मूळ दोन नंबर. नळी नंतर कोरलेली. आकडा बनावट.'