चार शनिवार, खडू आणि कमरेचा पट्टा

मी पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवते. एमएस्सीला असताना अल्जेब्रिक टोपॉलॉजी (ताणून-वाकवूनही न बदलणारे आकारांचे गुण बीजगणितानं अभ्यासायचा विषय) परीक्षेपुरतीच केली, ती रुखरुख मनात होती. म्हणून या सत्रात एका गणित विभागातल्या मॅडमना विचारून त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रेझेंटेशनं ऐकायला चार शनिवार मागच्या बाकावर बसले. प्रत्येकाला अर्धा तास, मग प्रश्न.

पहिल्याच दिवशी एका मुलीनं १९३३ सालचं बोरसुक-उलम प्रमेय घेतलं. तापमान आणि हवेचा दाब सलग बदलतात एवढं धरलं, की पृथ्वीच्या बरोब्बर दोन विरुद्ध टोकांना अशी एक जोडी सापडतेच, जिथं दोन्ही आकडे सारखे. पुण्यात, म्हणजे हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या गावात, हे उदाहरण चटकन पोचतं. सिद्धतेत तिनं अशी जोडी नाहीच असं धरलं. त्यातून मिळालेलं वर्तुळावरचं विषम फंक्शन (समोरासमोरच्या बिंदूंना उलट चिन्हाच्या किमती देणारं) ती उचलून रेषेवर घेऊन आली: अर्ध्या फेरीनंतरचा फरक एका विषम संख्येच्या निम्मा. ‘ही संख्या प्रत्येक बिंदूला वेगळी का नाही?’ मागून कुणीतरी विचारलं आणि ती अडली. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. तिनं स्वतःचीच ओळ पुन्हा वाचली, बोटांतला खडू फिरवला आणि म्हणाली, ‘ती सलग बदलते, आणि किंमत तर पूर्णांकच. मग हलणार कुठे?’ पुढचं दोन ओळींत झालं. पूर्ण फेरीला ती विषम संख्याच मिळते, म्हणजे शून्य नाही. पण ते फंक्शन वर्तुळापुरतं न राहता अख्ख्या गोलार्धावर पसरतं, तिथं वर्तुळ आकसून बिंदू होऊ शकतं, म्हणून संख्या शून्यच हवी. विसंगती! ती दोन मिनिटांची शांतता मला सगळ्यात मोलाची वाटली. मी वर्गात असं थांबत नाही, लगेच उत्तर देऊन टाकते.

तिसऱ्या शनिवारी एका मुलानं कमरेचा पट्टा काढला. एक टोक टेबलावर जाड पुस्तकाखाली, दुसऱ्याला एक पूर्ण पीळ. टोक न फिरवता पट्टा त्याच्याभोवतीनं कसाही नेला, तरी पीळ सुटेना. दोन पीळ दिले आणि तसंच केलं, तर पट्टा सरळ! त्रिमितीतल्या फिरवण्यांच्या फंडामेंटल ग्रुपमध्ये (बंद वाटा किती खरोखर वेगळ्या प्रकारच्या, हे मोजणाऱ्या रचनेत) दोनच घटक असतात, हे त्यानं नंतर लिहिलं. आधी हात, मग सूत्र, हा क्रम फार आवडला.

नाराजी स्लाइडवाल्यांवर. स्नेक लेमाचे (बाणांच्या आकृतीत नागमोडी वाट काढणाऱ्या एका प्रमेयाचे) सगळे बाण एकदम पडद्यावर आले, तर कोणता घटक कुठून कुठे गेला हे कुणालाच कळत नाही. ते फळ्यावर एकेक बाण काढूनच करायचं असतं. आणि अर्धा तास अपुरा आहे, चांगले प्रश्न सुरू होईस्तोवर पुढचा मुलगा उठलेला असतो.

या प्रेझेंटेशनांना माझे पाचपैकी चार गुण. गणित शिकवणाऱ्यांनी मुद्दाम विचारून जावं. सोमवारी एसवायच्या वर्गात मी तोच पट्टा करून दाखवला. पहिल्या बाकावरून प्रश्न आला: ‘मॅडम, तीन पीळ दिले तर?’ मी खडू खाली ठेवला आणि पट्टा त्याच्याच हातात दिला.