जुनी बटणं ओळखायला घेतलेलं दहापट भिंग

जुन्या युनिफॉर्मची बटणं गोळा करत असाल तर दहापट भिंग घ्याच, मी तीन महिने रोज वापरतेय आणि आता त्याच्याशिवाय बटण हातात घेत नाही. आधी साध्या भिंगातून बघायचे तेव्हा ब्रिटिश बटणांवरचे सगळे मुकुट सारखेच वाटायचे, आता नीट दिसतं की कमानी वर गोल फुगलेल्या असतील तर तो ट्यूडर मुकुट म्हणजे बहुतेक 1901 नंतरच्या राजांच्या काळातलं, आणि मधे खाली दबलेल्या असतील तर सेंट एडवर्ड मुकुट, म्हणजे बहुतेक दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं, 1952 नंतरचं. अर्थात आताच्या राजा चार्ल्सने परत ट्यूडर आणलाय, त्यामुळे अगदी नवीन बटणाला फसू नका.

काल एक पितळी बटण बघत होते, सिंहाचं नुसतं डोकं, मला वाटलं पलटणीचं असेल, पण भिंगाखाली डोक्याच्या खाली पीळ दिलेल्या दोरीसारखी बारीक पट्टी दिसली आणि लगेच कळलं की हे घराण्याचं चिन्ह, म्हणजे त्या घरच्या नोकरांच्या लिव्हरीचं, म्हणजे गणवेशाचं, बटण! इतका आनंद झाला ना.

मागची बाजूही वाचा, कडीभोवती मेकरचं नाव असतं, फर्मिन, लंडन वगैरे, पत्त्यावरूनही काळ कळतो.

तक्रार एकच, भिंगाचा लाइट सरळ पडतो त्यामुळे चकाकत्या बटणावर काहीच दिसत नाही, तो बंद करून बाजूने टॉर्च धरा. आणि बघण्याआधी पॉलिश अजिबात करू नका, झिजलेली अक्षरं कायमची जातात.