जिंजा, युगांडा: व्हॉलंटियर हाऊस २ स्टार, होमस्टे साडेचार

आधी कामाचं सांगते. जिंजाला शाळेत शिकवायला वगैरे व्हॉलंटियर म्हणून जाणार असाल तर राहायचे साधारण दोन पर्याय मिळतात, एक म्हणजे एजन्सीचं व्हॉलंटियर हाऊस आणि दुसरा कुणाच्या तरी घरी होमस्टे. मी आधी हाऊसमध्ये राहिले आणि मग वैतागून होमस्टेला गेले त्यामुळे दोन्हीचं सांगू शकते. हाऊसला २ स्टार, ते पण वायफाय आणि गरम पाण्याला. सकाळी टोस्ट, रात्री पास्ता, दुसऱ्या दिवशी परत पास्ता, आणि इंडियन नाइट म्हणून एकदा हळद घातलेला भात आला, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आवडला का म्हणून. अरे पण युगांडात आलोय ना आपण? एजन्सीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

होमस्टेवाले मूळचे बुगांडातले (युगांडातलंच एक जुनं राज्य), मासाका बाजूचे. काका, काकू, आजी आणि पोरं. पहिल्याच रात्री माटोके होतं. हिरवी केळी सोलायची, केळीच्या पानात गाठोडं बांधायचं, पातेल्यात खाली केळीचे दांडे घालून त्यावर ते गाठोडं ठेवून वाफवायचं, मग पानासकट हातानं दाबून मऊ करायचं आणि परत मंद निखाऱ्यावर ठेवून द्यायचं. तासन्‌तास चालतं हे सगळं. नुसतं खाल्लं तर अळणी लागतं, खोटं कशाला बोलू. पण त्यावर ते शेंगदाण्याचा गुलबट रस्सा ओततात, बिन्येब्वा म्हणतात त्याला, ती आपल्या उपासाच्या आमटीची सख्खी बहीणच आहे, फक्त मिरची नाही, जिरं नाही आणि गूळ तर नाहीच. मी नेलेली लसणाची चटणी त्यात घातली, काकूंनी चमचा घेऊन चव बघितली, काही बोलल्या नाहीत, पण आठवड्यात डबा संपला.

शाकाहारी मंडळींनो, एक लक्षात ठेवा. या रश्शात बरेचदा मुकेने घालतात, म्हणजे तळ्यातली बारीक सुकी मासळी, कधी कुटून घालतात त्यामुळे दिसतही नाही. नुसतं मी व्हेज आहे म्हणून भागत नाही कारण मटण नाही म्हणजे व्हेज असा हिशोब असतो. मासा पण नको असं स्वच्छ सांगा, मग काही त्रास नाही, डोडो नावाची माठासारखी पालेभाजी आहे, राजम्यासारखे बीन्स आहेत, रताळी आहेत, पोट भरतं. शाळेत दुपारी रोज पोशो आणि बीन्स. पोशो म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. रोज. याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते त्यांचं कुळाचं प्रकरण. बागांडा म्हणजे बुगांडातले लोक, त्यांच्या प्रत्येक कुळाचा एक प्राणी किंवा वनस्पती असते आणि त्या कुळातले लोक ती खात नाहीत. आमचं घर मांबा कुळाचं, मांबा म्हणजे लंगफिश, तो बाजारात ढिगानं मिळतो पण या घरात येत नाही. मी लगेच आपल्या देवकाबद्दल सांगितलं, तर काकांना इतका आनंद झाला की शेजाऱ्याला बोलावून परत सांगायला लावलं. दोघांनी मिळून माझं कूळ, माझ्या आईचं कूळ, सगळी चौकशी केली. व्हॉलंटियर हाऊसच्या पास्त्यावर असल्या गप्पा होतात होय?

नोव्हेंबरमध्ये गेलात तर न्सेनेने मिळतील. टोळ. रात्री मोठाले दिवे लावून पत्र्यांवर आपटवून पिंपात पकडतात, मासाका तर त्यासाठीच प्रसिद्ध. पंख आणि पाय काढून कांदा घालून परततात, तेल लागत नाही, त्यांचंच सुटतं. मी खाल्ले. कुरकुरीत, खारट, शेवटी थोडा हिरवट वास येतो, पहिला घास अवघड, मग वाटी कधी संपली कळलं नाही. गंमत म्हणजे आजी खात नाहीत. पूर्वी बायकांनी टोळ गोळा करायचे, पंख उपटायचे, शिजवायचे, खायचे पुरुषांनी, अंडी आणि कोंबडीचंही तसंच! आता पोरी आरामात खातात. पण पोरी अजून मोठ्यांना चहा देताना गुडघे टेकतात, शाळेत मलाही तसाच कप मिळायचा आणि मला ते शेवटपर्यंत अवघडल्यासारखं झालं. कुणाला उपदेश करायला गेले नाही, पण आवडलं असंही म्हणणार नाही.

घराबाहेर खायचं तर रोलेक्स. कोळशाच्या तव्यावर कोबी-कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, २००० ते ३००० शिलिंग, म्हणजे आपले साधारण पन्नास-सत्तर रुपये. चपाती तिकडे भारतीयांबरोबर गेली. जिंजाच्या मेन स्ट्रीटवर जुन्या इमारतींवर भारतीय नावं आणि सालं कोरलेली अजून दिसतात, मालक १९७२ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीननं हाकलले, ९० दिवसांची मुदत देऊन. त्याच रस्त्यावर उभं राहून चपाती खाताना जरा विचित्र वाटतंच.

अर्धा स्टार का कापला? जेवायला रात्रीचे दहा वाजतात आणि आंघोळीला बादलीभर पाणी. लुगांडात, म्हणजे त्यांच्या भाषेत, वेळही वेगळी मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, तेव्हा बोलावणं आलं की कुठल्या घड्याळानं ते विचारून घ्या. एजन्सीला दिलेल्या पैशातले घरच्यांना किती मिळतात हे ईमेलवर लेखी मागा, मला तोंडी गोल गोल उत्तरं मिळाली. यलो फीवरच्या लसीचं कार्ड विसरू नका, नाहीतर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सहा दिवस अडकवतील. आणि काकू दुसऱ्यांदा वाढायला आल्या की ताटावर हात आडवा धरून काही उपयोग होत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच कमी घ्या.